फौजीच्या दवाखान्याचं अंतर कोण मोजणार?

दर १० सप्टेंबरला आपल्यातल्या निम्म्यांच्या स्टेटसवर वीर अब्दुल हमीद असतात. १९६५ साल, असल उत्तरचं रान, जीपवर बसवलेली तोफ आणि समोर पॅटन रणगाडे. ३ जुलैला ब्रिगेडियर उस्मान यांचा फोटो फिरतो. कुणी आपल्या देशप्रेमावर बोट ठेवलं की आपण पटकन ही दोन नावं पुढं करतो. त्यात वावगं काही नाही, मीही करतो. पण गेल्या काही महिन्यांपासून मला वेगळाच प्रश्न पडतोय. आपल्या गावात, आपल्या मोहल्ल्यात जो हवालदार किंवा नौदलातला निवृत्त खलाशी राहतो, त्याचा बीपी कोण तपासतं? त्याची साखरेची गोळी कुठून येते? रात्री दोन वाजता त्याच्या छातीत कळ आली तर त्याला नेणार कुठं, आणि बिल कोण भरणार?

मी ज्या भागात फिरतो तो रत्नागिरी जिल्ह्याचा उत्तर भाग, म्हणजे मंडणगड, दापोली, खेड. फौजेत जाण्याची परंपरा इथं जुनी आहे आणि ती एका समाजाची नाही. मराठा, कुणबी, बौद्ध, आपली कोकणी मुसलमान मंडळी, सगळ्यांच्या घरांत भिंतीवर एखादा युनिफॉर्ममधला फोटो सापडतो. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातच आहे आणि त्यांचे वडील रामजी हे सैन्यातले सुभेदार. पेन्शनीत निघाल्यावर रामजी कुटुंबासह दापोलीला येऊन राहिले होते, कारण इंग्रजी अमदानीत दापोली ही पेन्शनर शिपायांची वसाहतच होती. जुनी माणसं आजही दापोलीला ‘कॅम्प’ म्हणतात. एकेकाळी जिथं फौजी निवृत्तीनंतर मुद्दाम राहायला यायचे, त्याच पट्ट्यातल्या फौजीला आज गोळ्यांसाठी दिवस मोडावा लागतो.

आधी योजनेबद्दल सांगतो, कारण आपल्या वयाच्या बहुतेकांना ती माहीतच नसते. निवृत्त सैनिकांसाठी केंद्र सरकारची ‘माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना’ आहे. सगळे तिला ईसीएचएस म्हणतात. १ एप्रिल २००३ पासून ती चालू आहे. त्याआधी लष्करी इस्पितळात जागा आणि औषध असलं तर मिळायचं, नाहीतर आपली सोय आपण बघायची. या योजनेत निवृत्त होताना एकदाच पैसे भरायचे. २०१७ च्या दरानं शिपायापासून हवालदारापर्यंत ही रक्कम ३० हजार रुपये आहे. १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना तेही माफ. त्यानंतर आयुष्यभर स्वतःचे आणि घरच्या अवलंबितांचे उपचार. वयाची अट नाही, आधीपासून आजार असला तरी हरकत नाही, खर्चाला वरची मर्यादा नाही. ७५ वर्षांच्या मधुमेही माणसाला एखाद्या खासगी विमा कंपनीच्या दारात घेऊन जा, मग या योजनेची किंमत कळेल. आज साठ लाखांहून अधिक लोक तिचे लाभार्थी आहेत. मी तिच्यावर टीका करणार आहे, पण ती मोडीत काढा असं कुणी म्हणत असेल तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन.

योजना चालते अशी. फौजीनं कार्ड घेऊन ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये जायचं. तिथला डॉक्टर तपासतो, औषधं तिथंच मिळतात. मोठा आजार असेल तर तो रेफरल लिहून देतो. ते रेफरल घेऊन लष्करी इस्पितळात किंवा योजनेच्या पॅनेलवरच्या खासगी रुग्णालयात जायचं, तिथं कॅशलेस उपचार होतात. बिल रुग्णालय थेट योजनेकडं पाठवतं. म्हणजे सगळ्याची गुरुकिल्ली पॉलिक्लिनिक. ते दाराशी असेल तर योजना उत्तम. पुण्याच्या फौजीला एकाहून अधिक पॉलिक्लिनिकं आहेत, शिवाय कमांड हॉस्पिटल आहे. मुंबईकराला कुलाब्याचं ‘अश्विनी’ आहे.

मग पॉलिक्लिनिक कुठं काढायचं, हे कसं ठरतं? त्या भागात माजी सैनिक किती राहतात त्यावर. जास्त डोकी असतील तिथं मोठं, कमी असतील तिथं छोटं, फारच कमी असतील तिथं काहीच नाही. सुरुवातीला देशभरात २२७ पॉलिक्लिनिकं मंजूर झाली, २०१० मध्ये आणखी १९९ ची भर पडली. देशात जिल्हे साडेसातशेहून अधिक आहेत आणि मोठ्या शहरांत एकेका ठिकाणी अनेक पॉलिक्लिनिकं आहेत. उरलेल्यांच्या वाट्याला काय आलं असेल ते तुम्हीच ताडा. डोकी मोजण्याची ही पद्धत वरवर न्याय्य दिसते. पण तिच्यात अंतराचा रकानाच नाही. सातारा, कोल्हापूरकडं गावंच्या गावं फौजींची आहेत, म्हणून तिथला आकडा भरतो. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाला चार माजी सैनिक असतील, तर त्या चौघांसाठी कुणी फाईल हलवणार नाही, आणि सिरोंचाहून जिल्ह्याचं गावच दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मंडणगडहून रत्नागिरी दीडशे किलोमीटरच्या घरात पडते, मध्ये घाट आणि खाड्या. फौजेनं भरती करताना ‘तुझं गाव लांब आहे’ म्हणून कुणाला परत पाठवलं नव्हतं.

आमच्या बाजूच्या गावात एक चाचा आहेत. हवालदार म्हणून निवृत्त, वय ७८, एकाहत्तरच्या लढाईत होते. बीपी, साखर आणि गुडघे. मुलं दोन, दोघंही आखातात. कोकणातल्या आपल्या वाड्यांत हे चित्र नवं नाही. घर मोठं, घरात दोन म्हातारी माणसं आणि एक कुलूपबंद माडी. चाचांनी मला त्यांचा औषधाचा दिवस सांगितला. पहाटे साडेपाचची एसटी, पुढं दुसरी गाडी, साडेदहाच्या सुमाराला पॉलिक्लिनिक. टोकन, रांग, डॉक्टर, मग औषधाची खिडकी. पाच औषधांतली तीन मिळाली, दोन ‘एनए’, म्हणजे उपलब्ध नाहीत. ती नेमलेल्या केमिस्टकडून येतील, परत येऊन घेऊन जा. हृदयाच्या तपासणीला रेफरल हवं असेल तर पुण्या-मुंबईचं नाव निघतं. शेवटच्या गाडीनं घरी यायला रात्रीचे नऊ. ७५ ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे हे खरं, पण चाची सोबत गेल्या तर त्यांचं अर्धं तिकीट, दोघांचं जेवण, शेवटी रिक्षा, आणि दुसरा अख्खा दिवस अंथरुणात. महिन्याच्या गोळ्यांसाठी हे दर महिन्याला.

आता चाचा जात नाहीत. तालुक्याच्या बाजारातून गोळ्या विकत घेतात, आणि पैसे पुरावेत म्हणून बीपीची गोळी एक दिवसाआड खातात. हे त्यांनी मला हसत सांगितलं.

मला भीती वाटते ती या हसण्याची. कारण जो माणूस कंटाळून जायचं सोडतो, तो कुठल्याच तक्रारवहीत येत नाही. उलट पॉलिक्लिनिकच्या रजिस्टरवर रोजचे रुग्ण कमी दिसतात, आणि वर बसलेला अधिकारी म्हणतो की तिकडं मागणीच नाही, मग आणखी एक डॉक्टर कशाला? या पॉलिक्लिनिकमधले डॉक्टर आणि कर्मचारी कंत्राटावर असतात. आडगावात त्या मानधनावर तज्ज्ञ डॉक्टर टिकणं मुळात कठीण. डॉक्टर नाही म्हणून रुग्ण येत नाही आणि रुग्ण येत नाही म्हणून डॉक्टर नाही, असं हे चक्र फिरत राहतं. कॅगनं २०१५ च्या अहवालात या योजनेची सविस्तर तपासणी केली होती. औषधांचा तुटवडा आणि रुग्णालयांच्या बिलांमधले घोळ त्यात नोंदले आहेत. म्हणजे सरकारला हे माहीत नाही असं कुणी म्हणू शकत नाही.

खासगी रुग्णालयांची बाजूही ऐकली पाहिजे. पॅनेलवर राहायचं तर सरकारी दर मान्य करावे लागतात. २०१४ साली ठरलेले दर किरकोळ फेरफारांसह दशकभर चालले. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या सीजीएचएस योजनेनं ते मोठ्या प्रमाणावर सुधारले. त्यात बिलं महिनोन्‌महिने अडकतात. मोठ्या शहरातलं साखळी रुग्णालय हे सोसू शकतं. तालुक्याच्या गावात वीस खाटांचं नर्सिंग होम चालवणारा डॉक्टर कशाला या भानगडीत पडेल? तो पडत नाही. मग नकाशावर पॅनेल भरलेलं दिसतं, पण सगळं शहरांभोवती.

तातडीच्या वेळी मात्र नियम फौजीच्या बाजूनं आहे, आणि तो प्रत्येकानं पाठ करून ठेवावा. जीव धोक्यात असेल तर जवळच्या कुठल्याही रुग्णालयात न्या, ते पॅनेलवर नसलं तरी चालतं. दोन दिवसांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. नंतर बिलं सादर केली की परतावा मिळतो, पण सरकारी दर किंवा प्रत्यक्ष खर्च यांतलं जे कमी असेल तेवढाच. वरचा फरक फौजीच्या खिशातून. आता विचार करा, ७५ वर्षांची चाची, नवरा आयसीयूत, मुलगा दोह्याला. ती ‘दोन दिवसांत कळवा’ हे कुठून करणार? खबर वेळेत गेली नाही म्हणून पुढं दावा अडकतो. इथं मदत करायला डॉक्टर लागत नाही, फोन वापरता येणारा एक तरुण पुरतो.

अंतराचं हे दुखणं दुसरीकडं कसं हाताळतात, म्हणून मी थोडं वाचलं. सगळ्यात टोकाचं उदाहरण अमेरिकेचं निघालं. अमेरिकेच्या युद्धांबद्दल या मासिकाच्या वाचकांचं मत काय आहे ते मला ठाऊक आहे, माझंही वेगळं नाही. पण ती युद्धं लढायला पाठवलेली पोरं कुठून येतात तेही बघा. पॅसिफिक महासागरात अमेरिकन सामोआ नावाची बेटं आहेत. तिथं नोकऱ्या नाहीत, म्हणून सैन्यात जाणाऱ्यांचं प्रमाण प्रचंड. तिथल्या लोकांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. माजी सैनिकांसाठी बेटावर एक छोटा सरकारी दवाखाना आहे. मोठा आजार म्हणजे होनोलुलूचं विमान, चार हजार किलोमीटरहून लांब, आणि विमान रोज नसतं.

तरीही तिथल्या कायद्यातली एक गोष्ट मला आपल्यासाठी मोलाची वाटली. २०१८ च्या त्यांच्या कायद्यानंतर असे निकष ठरले की साध्या उपचारासाठी गाडीनं ३० मिनिटांपेक्षा आणि तज्ज्ञासाठी ६० मिनिटांपेक्षा जास्त प्रवास पडत असेल, तर माजी सैनिक बाहेरच्या डॉक्टरकडं जाऊ शकतो आणि बिल सरकार भरतं. साध्या उपचारासाठी २० दिवसांहून आणि तज्ज्ञासाठी २८ दिवसांहून जास्त थांबावं लागलं तरी तसंच. आणि जिथं माजी सैनिकांचं पूर्ण रुग्णालयच नाही, त्या सामोआ, ग्वाम यांसारख्या बेटांवरच्यांना तर हा हक्क अंतर न मोजताच आहे. अर्थात कागदावरचा हक्क पुरत नाही. सामोआत बाहेरचा डॉक्टर म्हणजे बेटावरचं एकमेव सरकारी रुग्णालय, तिथं तज्ज्ञ नसला तर हक्क घेऊन करायचं काय? म्हणून मी ते मॉडेल उचलून आणा म्हणत नाही. पण प्रवासाचा वेळ हा नियमात लिहायची गोष्ट आहे, हे तिथं मान्य झालंय. आपल्याकडं तेवढंही नाही. आणि आपली गोष्ट सामोआपेक्षा सोपी आहे. मंडणगडात ग्रामीण रुग्णालय आहे, दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी डॉक्टरही आहेत. समुद्र ओलांडायचा नाही, फक्त एका खात्यानं दुसऱ्या खात्याशी बोलायचं आहे.

आता आपल्या घरातलं बोलू. या विषयात मुसलमान कुटुंबांची एक खास अडचण आहे आणि ती नावाची. पन्नास वर्षांपूर्वी भरतीच्या कारकुनानं ऐकून जे लिहिलं ते सर्व्हिस रेकॉर्डमध्ये गेलं. एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर महमद, तिसऱ्यावर नुसतं ‘मो.’ बायकोचं नाव लग्नानंतर नोंदवलं तेव्हा ‘फातमाबी’, आधारवर ‘फातिमा’, रेशनकार्डावर आडनावासकट तिसरंच काही. नवरा हयात असेपर्यंत कुणी विचारत नाही. तो गेला की बेवाचं कुटुंब निवृत्तिवेतन आणि तिचं ईसीएचएस कार्ड दोन्ही या एका मात्रेवर अडकतात. कागदांच्या धास्तीबद्दल आपल्याला वेगळं काही सांगायला नको. पण इथं उपाय आहे. माजी सैनिकाची डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश आणि आधार ही तीन कागदं शेजारी ठेवून नावं, जन्मतारखा जुळतात का ते आजच बघायचं. जुळत नसतील तर तो हयात असतानाच त्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडं दुरुस्तीचा अर्ज करायचा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्यात मदत करतं, ते त्यांचं कामच आहे. नंतर तेच काम बेवाला करावं लागलं तर वर्षं जातात.

दुसरी गोष्ट आपल्या शिबिरांची. आपल्या कित्येक तरुण मंडळांनी मशिदीच्या आवारात, शाळेत आयुष्मान कार्डाची शिबिरं घेतली. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, हे कार्ड मिळतं म्हणून उत्साह जास्त. पण ईसीएचएसच्या सदस्याला दोन्ही योजना एकदम घेता येत नाहीत, त्याला एक निवडावी लागते. आयुष्मानमध्ये वर्षाला पाच लाखांची मर्यादा आहे आणि ती भरती झालेल्या रुग्णासाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नाही. ईसीएचएसमध्ये तशी मर्यादा नाही आणि औषधंही आहेत. तेव्हा रांगेत एखादे फौजी नाना बसले असतील तर अंगठा घेण्याआधी विचारा, ‘नाना, तुमचं ईसीएचएस आहे का?’ असेल तर त्यांना दोन्हीतला फरक नीट समजावून सांगा आणि निवड त्यांना करू द्या.

ज्यांना निवृत्तिवेतनच नाही, त्यांची कथा आणखी कठीण. पंधरा वर्षांची सेवा पूर्ण न करता घरी आलेला शिपाई निवृत्तिवेतनाला पात्र होत नाही आणि सहसा या योजनेतही येत नाही. केंद्रीय सैनिक बोर्डाकडून अशांना उपचारासाठी अनुदान मिळू शकतं, अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो. आमच्या भागात ज्यांना विचारलं त्यांतल्या एकालाही हे माहीत नव्हतं.

आणि इथं विषय म्हाताऱ्यांकडून थेट तुमच्याकडं येतो. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, नंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम, बाकीचे सेवानिधीची रक्कम घेऊन घरी. या मुलांना निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस नाही. पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण २०२२ च्या अखेरीपासून चालू झालं. म्हणजे चार वर्षं भरून मुलं घरी परतण्याची वेळ आता लांब नाही. तुमच्या गावातला जो पोरगा पहाटे मैदानावर धावतो, त्याच्याशी या अटींवर बोला. त्याला परावृत्त करायला नव्हे. नोकरी हवी आहे, गणवेशाची हौस आहे, जाऊ दे त्याला. पण सियाचीनसारख्या जागी चार वर्षं काढलेल्या मुलाचा गुडघा किंवा कान वयाच्या चाळिशीत बोलायला लागला, तर त्याचा दवाखाना कुठला? सेवेत असताना अपंगत्व आलं तर एकरकमी भरपाई आहे, १०० टक्के अपंगत्वाला ४४ लाख. पण सावकाश वर येणाऱ्या दुखण्यांना टक्केवारी नसते. या मुलांना निदान उपचारापुरतं तरी ईसीएचएसमध्ये घ्या, पैसे भरून का होईना, ही मागणी आपण आत्ताच केली पाहिजे. पहिली तुकडी चाळिशीला पोचेपर्यंत थांबायचं कारण नाही.

सरकारकडं माझं म्हणणं फार मोठं नाही. पहिलं आणि मुख्य, पॉलिक्लिनिकच्या निकषांत डोक्यांसोबत प्रवासाचा वेळ घाला. कुठल्याही सदस्याला साध्या तपासणीसाठी एक तासापेक्षा जास्त प्रवास पडत असेल, तर त्याच्या तालुक्यातलं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय आणि एखादा खासगी डॉक्टर हे त्याच्यासाठी पॉलिक्लिनिक मानले जावेत. योजनेत फिरत्या पॉलिक्लिनिकची तरतूद आहेच. ती गाडी महिन्यातल्या ठरल्या वारी ठरल्या गावी यावी, बाजाराच्या दिवशी आली तर आणखी बरं. बीपी, साखरेची ठरलेली औषधं टपालानं घरी पाठवा. पोस्टमन आमच्या वाडीपर्यंत येतो, त्याच्याकडं पेन्शनची पाकिटं विश्वासानं दिली गेली आहेत, गोळ्यांचं पाकीट काय जड आहे? मे २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानं ‘सेहत’ ही ऑनलाइन ओपीडी सुरू केली, चांगली गोष्ट. पण डॉक्टरचा सल्ला मोबाईलवर मिळाला तरी औषधासाठी पुन्हा तीच साडेपाचची गाडी पकडायची असेल, तर त्या सोयीचा अर्धाच उपयोग. छोट्या रुग्णालयांची बिलं आधी चुकती करा, म्हणजे ती पॅनेलवर यायला तयार होतील.

काहीजण विचारतील, फौजेत आपली मुलं किती, आणि आपण याच्यात कशाला पडायचं? आपल्यासमोर प्रश्न काय कमी आहेत? मला हा हिशोब मान्य नाही. डोकी मोजून हक्क ठरवण्याच्या पद्धतीवरच मी वर एवढं लिहिलंय, तीच पद्धत आपण कशी वापरणार? खेड तालुक्यातल्या एखाद्या मराठा सुभेदाराची बेवा आणि आपली फातमाबी एकाच बाकावर, एकाच ‘एनए’ औषधाची वाट बघत बसलेल्या असतात. एकीचं काम करताना दुसरीचंही होतं. आपल्या जमातींकडं रुग्णवाहिका आहेत, कोविडच्या काळात त्या कुणाचं नाव न विचारता धावल्या. ती सवय अजून मोडलेली नाही.

तेव्हा दोस्तांनो, कामाचं बोलतो. येत्या महिन्यात प्रत्येक गावातल्या दोघा-तिघांनी मिळून आपल्या आणि शेजारच्या वाड्यांतल्या माजी सैनिकांची आणि त्यांच्या बेवांची यादी करा. समाज कुठलाही असो. प्रत्येकाला एवढंच विचारा: कार्ड आहे का, तीन कागदांवरचं नाव एक आहे का, वर्षाचा हयातीचा दाखला भरलाय का, औषधासाठी किती तास लागतात, आणि गेल्या सहा महिन्यांत किती वेळा जायचं टाळलं. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं तास-मिनिटांत आणि आकड्यांत लिहा, कारण हाच रकाना सरकारकडं नाही. हयातीचा दाखला ज्यांचा राहिलाय त्यांचा तिथल्या तिथं मोबाईलवर भरून टाका, नाहीतर पेन्शन थांबते. प्रत्येक घरात पॉलिक्लिनिकचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवा आणि तातडीच्या वेळी फोन कोण करणार त्या मुलाचं नाव त्याखाली लिहा. याद्या तयार झाल्या की ग्रामसभेत मांडा, ठराव करून घ्या, एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना आणि एक खासदारांना द्या. आमच्या तीन गावांची यादी सुरू झाली आहे. चाचांचं नाव पहिलं आहे, आणि त्यांच्या पुढच्या रकान्यात लिहिलंय: जायला पाच तास, यायला पाच, सहा महिन्यांत पाच वेळा टाळलं.